आधी येऊन गेलेले

उन्हं तापायला लागली की डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात पोटाचे पेशंट सुरू व्हायचे. त्यात नवल काहीच नव्हतं. थंडीत छाती, पावसात ताप आणि उन्हाळ्यात पोट, हे गणित बाईंना पाठ होतं. त्या म्हणायच्या, "माणसाच्या सगळ्या अवयवांत पोट तेवढं सरळ. फसवलं की लगेच बोंब मारतं."

दवाखाना म्हणजे चार मजली वसाहतीच्या कोपऱ्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत समोरासमोर दोन बाकं, मधे एक पंखा, जो फिरायचा कमी आणि कुरकुरायचा जास्त. आतल्या खोलीत टेबल, पेशंटसाठी गोल स्टूल, हिरव्या रेक्झिनचा तपासणीचा पलंग आणि हात धुवायचं बेसिन. दोन्ही खोल्यांच्या मधल्या खिडकीत कंपाउंडर बसायचे. त्यांना सगळी वसाहत मामा म्हणायची. औषध देताना मामा पथ्यही सांगायचे, न विचारता आणि मोठ्याने. त्यामुळे कुणाला काय झालंय ते बाकावरच्या सगळ्यांना कळायचं.

पोटाच्या पेशंटला बाईंचे तीन प्रश्न ठरलेले. कधीपासून? किती वेळा? बाहेर काय खाल्लंत? तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यांचं उत्तर एकच. "बाहेरचं? छे, काहीच नाही!" आणि चेहरा असा, जणू जन्मात घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. बाई मान हलवायच्या, पोट दाबून बघायच्या, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं द्यायच्या आणि पुढच्याला हाक मारायच्या. आरोग्य खात्याला दर आठवड्याला आकडा कळवावा लागे. तो चढला की टाक्या तपासायला माणसं यायची, औषध टाकून जायची आणि आकडा उतरायचा. आधी पाणी बिघडतं, मग माणूस आजारी पडतो, मग तो दवाखान्यात येतो. बाईंच्या तीस वर्षांत हा क्रम कधी चुकला नव्हता.

तो पहिल्यांदा चुकला टेलरमास्तरांच्या वेळी.

मास्तर आले ते भर दुपारी. दवाखाना बंद करायची वेळ झाली होती, मामा जेवायला गेले होते. गळ्यात मापाची पट्टी तशीच. स्टुलावर बसून म्हणाले, "बाई, आतून कुणीतरी पिळे देतंय. ओली चादर पिळावी तसे."

बाईंनी त्यांना पलंगावर निजवलं. पोट मऊ होतं. जरा जास्तच मऊ, मळून ठेवलेल्या कणकेसारखं, आणि गार. ताप नाही, जीभ ओली, नाडी संथ. बाईंनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवला आणि ऐकू लागल्या.

पोट कधी गप्प नसतं. भुकेलेलं गुरगुरतं, भरलेलं गुळगुळतं, बिघडलेलं तर नुसता दंगा घालतं. मास्तरांच्या पोटात काहीच नव्हतं. बाईंनी जागा बदलून पाहिली, दाबून पाहिलं. बंद घराच्या दाराला कान लावावा तसं वाटलं. त्यांनी हळूच स्टेथोस्कोप स्वतःच्या पोटावर ठेवला, तर जेवणाची वेळ टळल्याची तक्रार अगदी खणखणीत ऐकू आली. म्हणजे यंत्र ठीक होतं. 'आपले कान थकले,' असं मनाशी म्हणून त्यांनी मास्तरांना पाकिटं दिली. मास्तर उठले आणि गेले.

एक दिवस मधे गेला आणि मास्तरांना त्यांच्या भावाने खांद्याचा आधार देत आणलं. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे. स्टुलावर बसवलं तर एका बाजूला कलले. म्हणाले, "बाई, आतून कुणीतरी पिळे देतंय. ओली चादर पिळावी तसे."

बाई वैतागल्या. "परवा तेच सांगितलंत ना? पाकिटं दिली होती, ती काय शोभेला ठेवलीत?"

"परवा?" मास्तरांनी भावाकडे पाहिलं. "परवा मी कुठे आलो होतो?"

भाऊ म्हणाला, "परवा हा मशीनवरून उठलासुद्धा नाही बाई. शाळेच्या गणवेशांचं काम आहे. दुपारचा डबासुद्धा मीच दिला हातात. दुखायला लागलं ते काल रात्री."

ग्लानीत माणूस काहीही विसरतो आणि भाऊ भावाची बाजू घेतो. बाईंनी तो विषय तिथेच सोडला आणि सलाईन लावलं.

पुढच्या आठवड्यात शाळेतल्या एका शिक्षिकेची मुलगी आली. एकटी. सहा-सात वर्षांची, दोन घट्ट वेण्या. स्टुलावर बसली तर पाय जमिनीला टेकेनात, पण ते ती हलवतही नव्हती. एवढं लहान मूल इतकं स्थिर बसलेलं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"आई कुठे आहे गं तुझी?"

"मागून येतेय," ती म्हणाली. "माझ्या पोटात मासा फिरतोय."

बाईंना हसू आलं. त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि हसू विरलं. तोच गार, मऊ स्पर्श. आणि कानात पुन्हा तेच, काहीच नाही. त्या हात धुवायला बेसिनकडे वळल्या, परत बघतात तर स्टूल रिकामं.

"मामा, ती पोर गेली कुठे?"

"गेली की बाहेर. मी म्हटलं, आई बाहेर असेल उभी."

दोन दिवसांनी शिक्षिका धावत आल्या. मुलगी त्यांच्या खांद्यावर ओल्या कपड्यासारखी लोंबत होती. बाईंना पाहून तिने डोळे अर्धवट उघडले. "माझ्या पोटात मासा फिरतोय."

सुई टोचताना बाईंचा हात क्षणभर थांबला. सगळं उरकल्यावर त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं, "परवा ही एकटीच आली होती का इकडे?"

"एकटी?" शिक्षिका डोळे पुसता पुसता थांबल्या. "मोठा रस्ता ओलांडून? काहीतरीच काय बाई. परवा ती शाळेत होती. माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर, दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर."

त्या संध्याकाळी मामा पाण्याची टाकी बघायला मागच्या बाजूला गेले आणि लगेच परत आले. "बाई, जरा चला."

मागच्या भिंतीच्या कठड्यावर मीठ-साखरेची पाकिटं मांडून ठेवलेली होती. बाईंच्याच दवाखान्यातली. एकही फोडलेलं नाही. पानात वाढावी तशी नीट, एका ओळीत.

बाईंनी घरी गेल्यावर हे सगळं नवऱ्याला सांगितलं. ते मोजणी खात्यात नकाशे काढायचे. आता निवृत्त होते आणि दिवसभर घरात हिंडून कुठल्या कपाटाची जागा चुकली आहे ते बायकोला सांगायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे माझी सोयच झाली की. मी आजारी पडायच्या आधीच तुला कळणार."

"अहो, थट्टा नाही ही."

"मग काय करू? घाबरू?" त्यांनी बाईंच्या ताटात भात वाढला. "तू घाबरलीस की हात धुवायला लागतेस. आल्यापासून चौथ्यांदा धुतलेस. जेव आधी."

बाई हसल्या. मुलंबाळं नव्हती, नातेवाईक लांबचे. तीस वर्षं या माणसाने त्यांना अशीच हसवून हसवून घरात परत आणलं होतं.

मग निवृत्त पोस्टमन आजोबा आले. तळमजल्याच्या खोलीत एकटेच राहायचे. स्टुलावर बसून म्हणाले, "पोटात सारखं पाणी-पाणी होतंय हो." बाईंनी ऐकलं. आत पाण्याचा थेंबभरही आवाज नव्हता. त्यांनी पाकिटं दिली आणि वाट बघत राहिल्या. म्हटलं, खरे आजोबा आले की लगेच सलाईन लावू. एक दिवस गेला, दुसरा गेला. आजोबा परत आले नाहीत. बाईंना वाटलं, या खेपेला टळलं. मग शेजाऱ्यांनी त्यांचं दार फोडलं. आजोबा न्हाणीघराच्या उंबऱ्यात मरून पडले होते, हात दाराच्या दिशेने. उठून दवाखान्यापर्यंत येण्याइतकी ताकद राहिली नव्हती, एवढाच अर्थ होता त्यांच्या न येण्याचा.

बाईंच्या मनाला ते फार लागलं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं. जो आधी येईल त्याच्या घरी आपण स्वतः जायचं. लगेच जायचं.

मामांना ते पटलं नाही. "बाई, असल्याच्या वाटेला जाऊ नये. काय आहे, कुठून येतंय, आपल्याला काय ठाऊक?"

"मामा, वादळ येतंय असं कुणी सांगितलं तर खिडक्या लावायच्या, की सांगणाऱ्याचा पत्ता विचारत बसायचं?"

मामांनी औषधाच्या बाटल्या पुसायला घेतल्या. पण त्या दिवसापासून दुपारी ते जेवायला जरा लवकरच जाऊ लागले. कारण तसले पेशंट दुपारीच यायचे.

आणि बाईंचा उपाय लागू पडला. कुणी आधी येऊन गेलं की बाई पिशवी उचलायच्या आणि त्याच्या घरी हजर. घरातला माणूस ठणठणीत असायचा, बाईंना दारात पाहून चकित व्हायचा. बाई पाणी उकळायला लावायच्या, काय खायचं ते सांगायच्या, पाकिटं ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा चक्कर मारायच्या. आजार यायचा, पण हलका होऊन यायचा. मोठ्या हॉस्पिटलात कुणाला न्यावं लागेना. वसाहतीत बोलबाला झाला. लोक म्हणायचे, बाईंना वासच लागतो. आरोग्य खात्यातल्या साहेबांचाही फोन आला, "मॅडम, आजूबाजूला सगळीकडे साथ आहे, तुमच्याकडे मात्र गंभीर केस एकही नाही. काय करता काय तुम्ही?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "घरोघर जाते."

फोन ठेवताना त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला, अभिमानच वाटला.

आधी येणाऱ्यांना आता त्या हात लावत नसत. सुरुवातीला एकदोघांना लावला होता, पण तो गारठा बोटांत राहायचा, त्या हाताने जेवावंसं वाटायचं नाही. शिवाय गरजच काय? जो पहिल्यांदा आला तो खरा नाही, जो दुसऱ्यांदा येईल तो खरा. इतकं सोपं होतं ते. पोटाचं नवीन कुणी दुपारी एकटं येऊन बसलं की बाई टेबलापलीकडूनच विचारायच्या, "घर कुठे?" उत्तर मिळालं की म्हणायच्या, "ठीक आहे, जा तुम्ही. मी येते." तो उठून जायचा. बाई घड्याळ न बघता पिशवी उचलायच्या.

असे दिवस चालले असताना एका दुपारी त्यांचे यजमान आले.

सकाळी ते निवृत्तांच्या मेळाव्याला गेले होते. निदान जातो असं म्हणाले होते. मामा जेवायला गेलेले. बाहेरच्या खोलीत पाऊल वाजलं, पडदा सरला आणि ते आत येऊन पेशंटच्या स्टुलावर बसले. एरवी ते कधी आले तर बाजूच्या खुर्चीत बसायचे. स्टुलावर बसलेले बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "आमच्या पोटाने दगा दिला बघा."

इतक्या दिवसांत ही भीती त्यांनी मनात येऊच दिली नव्हती. आणि आता ती समोर बसली होती. त्यांच्याच नवऱ्याचा चेहरा घेऊन, कपाळावर घाम, शर्टाची वरची गुंडी सुटलेली.

तोंडातून सवयीने शब्द गेला. "घर कुठे?"

"घर?" ते हसले, मग हसता हसता पोट धरून वाकले. "तुझ्याच घरात राहतो की, फुकट."

आजवर आधी येणाऱ्यांपैकी कुणी हसलं नव्हतं. कुणाला घाम आला नव्हता. हे बाईंना आठवलं, पण फार नंतर. त्या वेळी त्या खुर्चीतून उठून भिंतीला टेकल्या होत्या.

"उठा."

"अगं, तपास तरी." त्यांनी मनगट पुढे केलं, नाडी बघायला देतात तसं.

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "जा तुम्ही. मी येतेच आहे घरी."

ते काही वेळ तसेच, हात पुढे धरून बघत राहिले. मग हात खाली आला. टेबलाची कड धरून ते उठले. "बरं," म्हणाले. "जातो."

त्यांची पावलं बाहेर गेल्याबरोबर बाईंनी मागचं दार गाठलं आणि रस्त्यावर दिसेल ती रिक्षा पकडली. सगळ्या वाटेत त्यांच्या मनात एकच होतं. अजून वेळ आहे. एक दिवस, कदाचित दोन. इतक्या लोकांना वाचवलं, मग यांना का नाही?

तिसरा मजला त्या धावतच चढल्या. बेल वाजवली. दार उघडलं.

यजमान दारात उभे होते. घरातला सदरा, हातात वर्तमानपत्र. "आज लवकर?"

"तुम्ही... मेळाव्याला गेला नाहीत?"

"कंटाळा आला. एवढ्या उन्हात कोण जाणार."

बाईंनी त्यांना तिथेच, दारातच मिठी मारली. त्यांचं अंग गार लागलं. पंख्याखाली बसलेल्या माणसाचं असतंच.

मग त्या कामाला लागल्या. माठातलं पाणी ओतून दिलं, मोठ्या पातेल्यात नवीन पाणी उकळत ठेवलं, फळं फेकली, भांडी पुन्हा धुतली. यजमान खुर्चीत बसून बघत होते. "आज कपाट कुठे सरकवायचं ते नाही सांगितलंत?" बाई जरा हलक्या होऊन म्हणाल्या. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली.

आणि दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

आतून कडी लावलेली होती. दार कडीपर्यंत हललं आणि थांबलं. मग थाप पडली.

"अगं, कडी काढ. मी आहे."

बाईंनी दारातल्या भिंगाला डोळा लावला. बाहेर ते उभे होते. चेहरा राखेसारखा, एक हात भिंतीला. चालत आले होते बहुतेक, सगळं ऊन अंगावर घेत.

"कोण आहे?" मागून यजमानांनी विचारलं.

"कुणी नाही," बाई म्हणाल्या.

"मग ये इकडे. बस."

बाहेरून पुन्हा थाप. "अगं ऐकतेस ना? दोनदा वाटेत बसलो. उभं राहवत नाही आता."

बाई जागच्या हलल्या नाहीत. किल्लीसुद्धा घेऊन आलाय, त्यांना वाटलं. आवाज, किल्ली, सगळं.

"डॉक्टर, घ्या ना आत." आवाजात थट्टेचा प्रयत्न होता. तो मधेच मोडला. मग बराच वेळ काही नाही. मग खालून, दाराच्या तळाशी टेकून बोलल्यासारखं आलं, "पाणी तरी दे गं."

आत गॅसवर पातेलंभर पाणी उकळत होतं.

बाईंनी कानांवर हात ठेवले आणि आतल्या खोलीत गेल्या. यजमान त्यांच्याबरोबर आले, शेजारी बसले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळ झाली. जिन्यात माणसांचे आवाज आले, कुणीतरी ओरडलं, बेल वाजत राहिली. बाईंनी उठून बेलची तार काढून टाकली. मग पिशवीतला फोन वाजायला लागला. त्यांनी फोनही बंद केला.

"बरं केलंस," यजमान म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखाना उघडला नाही. यजमानांना समोर बसवून भात भरवला, दर तासाला पाणी पाजलं. त्यांना काहीही झालं नाही. ना कळ, ना मळमळ. बाईंनी एकदा स्टेथोस्कोप हातात घेतला. ते खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होते. बाईंनी तो पुन्हा पिशवीत ठेवला. कशाला? माणूस धडधाकट समोर बसलाय. आपण जिंकलो.

त्यापुढच्या सकाळी दारावर मामांचा आवाज आला. "बाई! बाई, आहात का आत? दार उघडा हो!"

बाईंनी भिंगातून पाहिलं आणि कडी काढली. मामांच्या डोळ्यांत झोप नव्हती.

"तुम्ही इथे काय करताय बाई? साहेब परवापासून मोठ्या हॉस्पिटलात आहेत. वॉचमनला जिन्यात पडलेले सापडले, तुमच्याच दारात. सगळ्यांनी किती दार वाजवलं. आम्हाला वाटलं, तुम्ही कुठे बाहेरगावी..."

"साहेब घरात आहेत, मामा," बाई म्हणाल्या. "आंघोळ करतायत."

न्हाणीघराचं दार बंद होतं. आतून नळाचं पाणी पडत होतं. कुणीतरी तांब्या खाली ठेवला.

मामांनी तो आवाज ऐकला. ते दोन पायऱ्या मागे सरकले. मग एवढंच म्हणाले, "बाई, चपला घाला. चला."

रिक्षा थेट मोठ्या हॉस्पिटलात गेली.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, अंगातलं पाणी पार गेलं होतं. मूत्रपिंडं बसली आहेत. थोडं आधी आणलं असतं तर..." हे वाक्य बाईंनी स्वतः कितीतरी जणांना ऐकवलं होतं. त्याचा शेवट करायचा नसतो, हेही त्यांना माहीत होतं.

खिडकीजवळच्या पलंगावर ते निजले होते. दोन्ही हातांना नळ्या, गाल आत गेलेले. बाई जवळ गेल्या. त्यांनी डोळे उघडले. ओळखलं. रागावले नव्हते, हेच बाईंना सोसेना.

"तपासतेस?" त्यांनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. चादर सरकवून पोटावर ठेवला. त्वचा कोरडी होती, आणि तापलेली.

आत कल्लोळ चालला होता. गुरगुर, खळखळ, थांबून पुन्हा उसळणारं काहीतरी. इतकं जिवंत, इतकं दुखरं, इतकं माणसाचं पोट.

बाई ऐकत राहिल्या. कानातून तो काढावासा वाटेना.

हळूहळू आवाज विरळ झाला. मग दूर गेला. दुपारी तो थांबला.

नर्सने येऊन नाडी पाहिली, तरुण डॉक्टरला बोलावलं, नळ्या काढल्या. मामा दाराशी तोंडावर पंचा धरून उभे होते. बाई पलंगाशेजारच्या खुर्चीत होत्या. त्यांच्या पिशवीतला फोन वाजत होता. कधीतरी चालू केला असावा, त्यांना आठवत नव्हतं.

"मॅडम, फोन," नर्स हळूच म्हणाली. तिने पिशवीतून काढून फोनवरचं नाव पाहिलं. "घरचा दिसतोय. घ्या ना. त्यांनाही कळवायला हवं."

बाईंनी फोन कानाला लावला.

"अगं, कुठे आहेस?" तो आवाज स्वच्छ होता, विश्रांती घेतलेल्या माणसाचा. "किती उशीर. पानं वाढून बसलोय कधीचा."

बाईंनी पलंगाकडे पाहिलं. तरुण डॉक्टर आता चादर चेहऱ्यावर ओढत होता.

"ऐकतेस ना? गार होतंय सगळं."

खिडकीबाहेर ऊन होतं. खाली फाटकाशी रिक्षा उभ्या होत्या.

"येते," बाई म्हणाल्या.